जामबागचा फौजी सुतार

बॅनर बघितलं आणि माझं डोकंच फिरलं.

आमचे हे जाऊन तेरा दिवस झाले होते. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम वस्तीतल्या विहारात ठेवला होता आणि दारावर आठ फुटी बॅनर लावलेलं. ह्यांचा वर्दीतला फोटो, मागं कुठल्यातरी बर्फाच्या डोंगराचं चित्र, खाली ही मोठाली अक्षरं: 'कारगिलचे शूर योद्धे, शत्रूचे कर्दनकाळ, कालकथित नामदेवराव.' कर्दनकाळ म्हणे! अहो, घरात पाल निघाली तर तिला कागदावर घेऊन बाहेर सोडणारा माणूस हा. चाळीस वर्षं संसार केलाय मी त्यांच्याशी.

"भूषण, हे कुणी लिहिलं?" मी पोराला विचारलं.

"मीच. का, खोटं आहे का काही?"

मी तोंड मिटलं. ह्या बाबतीत तोंड मिटून राहायची मला पंचवीस वर्षांची सवय होती.

आता तुम्हाला सांगते. हे फौजेत होते, चांगली वीस वर्षं होते, पण सुतार म्हणून. फौजेलाही टेबलं लागतात, खाटा लागतात, दारं-खिडक्या लागतात. नव्व्याण्णव साली लढाई लागली तेव्हा ह्यांना खाली तळावर, दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये बसवलं आणि पेट्या करायला सांगितलं. वर डोंगरावर जी पोरं मरत होती त्यांना घरी पाठवायच्या पेट्या. दोन महिने ह्यांनी दुसरं काही केलं नाही. बंदूक तर हातातसुद्धा धरली नाही.

पुढं दोन वर्षांनी पेन्शनवर आले आणि जामबागच्या गल्लीत दुकान टाकलं. कपाटं करायचे, लग्नाचे पलंग करायचे, पण पाळणे करावेत ते ह्यांनीच. सिकंदराबादेहून माणसं यायची पाळण्यासाठी. दुकान उघडलं त्याच दिवशी मला म्हणाले, "सरू, मी आहे तोवर पेट्यांचं कुणाला बोलू नको. मढ्यांच्या पेट्या केलेल्या हातांचा पाळणा कोण नेईल?" मला ते पटलं. मी शब्द दिला आणि पाळला.

आम्ही गप्प, म्हणून लोकच बोलायला लागले. ह्यांच्या डाव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. ते करवतीच्या मशीननं गेलेलं, पण गल्लीनं ठरवून टाकलं, "फौजी चाचा कू गोली लगी थी." हे हो म्हणायचे नाहीत आणि नाहीही म्हणायचे नाहीत. जुलै महिन्यात कारगिल दिनाला शाळावाले सत्काराला बोलवायला आले की हे सकाळीच बिजागऱ्या आणतो म्हणून सुलतान बाजारात पळायचे. संध्याकाळी उतरलेल्या तोंडानं यायचे, आणि पिशवीत दोनच बिजागऱ्या. भूषणला वाटायचं, बाप लाजाळू आहे. त्यालाही आम्ही कधी सांगितलं नाही. मोठी चूक झाली ती, आता कळतंय.

तर त्या दिवशी मी विहारात बसले होते, पण जीव थाऱ्यावर नव्हता. हे गेले, माझा शब्द सुटला. पण दुकान आता भूषणचं होतं. पाळण्याच्या तीन ऑर्डरी पडलेल्या. बोलले तर पोराच्या धंद्यावर पाणी. नाही बोलले तर माझा नवरा कायमचा कुणीतरी भलताच माणूस होऊन बसणार, आणि खरा जो होता तो फक्त माझ्यापाशी राहणार. मी तरी किती दिवसांची?

त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं सुरू झाली. आबासाहेब उठले. त्यांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान, ह्यांचे जुने गिऱ्हाईक. माणूस सोन्यासारखा, पण माइक हातात आला की सुटतो. म्हणाले, "नामदेवरावांनी एकट्यानं सात शत्रूंना लोळवलं!"

सात! कुठून आणले हो सात?

मी उठले. माधवी, माझी सून, पदर धरून म्हणाली, "आई, बसा ना." बसते कसली.

"मी सरुबाई, ह्यांची बायको," मी म्हटलं. "ह्यांनी कुणालाही मारलं नाही. ह्यांनी पेट्या केल्या, आपल्या मेलेल्या पोरांच्या. बाहेरून तर वर झेंडाच पडतो, तरी हे पेटी आतून घासत बसायचे. साहेब ओरडले, 'अंदर कौन देखता है?' तर म्हणाले, 'साब, माँ हाथ फेरेगी. फाँस नहीं लगनी चाहिए.' आईच्या हाताला कुसळ लागू नये म्हणून. एकदा लाकूड संपलं, तर स्वतःच्या खाटेच्या फळ्या काढल्या आणि खाली जमिनीवर झोपले. हे केलं माझ्या नवऱ्यानं. ह्याला शौर्य म्हणायचं नसेल तर नका म्हणू. पण दुसऱ्याचं शौर्य त्यांच्या अंगावर घालू नका. ते ज्यांचं होतं, त्यांना ह्यांनी आपल्या हातानं पेटीत निजवलंय."

आबासाहेबांनी मान खाली घातली. भूषण उठला आणि चप्पल घालून चालता झाला. दोन बायका न जेवताच गेल्या, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा फोन वाजला. भाग्यलक्ष्मी म्हणून एक पोरगी आहे, सातवा महिना लागलेला, तिचा पाळणा निम्मा झाला होता. तिची सासू बोलत होती. "अम्मा, बुरा नक्को मानो, पहिला बच्चा है," एवढं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. दुपारी तारनाक्याच्या गिऱ्हाइकानंही पाळणा नको म्हणून कळवलं.

भूषण घरी आला तो तोंड लाल करून.

"झालं समाधान?" म्हणाला. "दोन गेले. तिसराही जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं खरं.

"धंद्याचं सोड, आई. धंदा मी बघून घेईन. मला का नाही सांगितलं? जगाला माइकवर सांगितलंस, आणि मी त्या माणसाजवळ बसून बारा वर्षं रंधा मारला, मला नाही? किती पेट्या केल्या त्यांनी?"

"मोजल्या नाहीत म्हणायचे. खोटं बोलायचे. झोपेत मोजायचे रे ते, मी ऐकलंय."

तो खाली बसला. मग एकदम त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथं रेणूचा पाळणा होता. आमची नात, चार महिन्यांची. ह्यांनी केलेलं शेवटचं काम ते.

"हा पण?" त्यानं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "माझ्या लेकीचा पाळणा पण त्याच हातांनी?"

मला राग आला आणि रडूही आलं. "हौ! त्याच हातांनी! दुसरे हात कुठून आणायचे होते रे त्यांनी?"

तो उठून पाळण्यापाशी गेला. मला वाटलं, आता हा पाळणा उचलून बाहेर ठेवणार, आणि त्यानं ठेवला असता तर मी त्याला अडवू शकले नसते.

माधवी दारात उभी होती, रेणूला खांद्यावर घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत आली, दुपटं सारखं केलं आणि लेकीला पाळण्यात निजवलं. मग पाळण्याची दोरी उचलून तिनं नवऱ्याच्या हातात दिली.

"झोका द्या," म्हणाली, "नाहीतर उठेल ती."

भूषणनं झोका दिला. बाप गेल्यापासून त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. आता तो लहान पोरासारखा रडत होता, आणि दोरी काही सोडत नव्हता.