ओल्या हातांचा आळ

वहिनींच्या स्वयंपाकघरातलं एक अख्खं कपाट घरगुती औषधांच्या सामानानं भरलेलं होतं. दगडी खल, ग्रॅमवर मोजणारा काटा, गाळायची फडकी, गडद काचेच्या बाटल्या. चहाची गाळणी दांडा मोडलेली चालायची, पण तेलाचं नरसाळं मात्र काचेचंच हवं! पाल्याचं तेल करून त्या दर महिन्याला एक बाटली सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पाठवायच्या. धाकटी नणंद आईजवळ राहायची. रोज चोळून देणं तिच्याकडे.

गेल्या रविवारी सासूबाईंच्या गुडघ्यांवर लाल चट्टे दिसले. तेलाला कुबट वास येत होता. सगळं घर सासूबाईंकडे जेवायला बसलेलं, आणि वहिनींनी तिथेच निकाल देऊन टाकला.

“ओल्या हातानं तेल काढते ही. कितीदा सांगितलं! आता नाव माझ्या तेलाला! नाचता येईना अंगण वाकडं.”

सगळे हसले. नणंद ताटाकडे बघत म्हणाली, “चुकलं असेल माझं.”

बुधवारी वहिनींनी त्याच घाण्यातल्या उरलेल्या तीन बाटल्या काढल्या. बुचं तशीच घट्ट बसलेली, कुणाचं बोटही लागलेलं नाही. तरी तिन्हींच्या तळाशी पाण्याचे थेंब होते आणि वर पांढरी बुरशी.

त्यांना लख्ख आठवलं. तेल भरलं त्या दिवशी पाहुणे यायचे होते. धुतलेल्या बाटल्या वाळायच्या आधीच त्यांनी बाहेरून पुसल्या आणि भरल्या. आतून कोण बघतंय!

पहिली बाटली त्यांनी मोरीवर उपडी धरलीसुद्धा. सगळं ओतून टाकलं की कुणाला कळणार होतं? पण ‘चुकलं असेल माझं’ काही कानातून जाईना. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की आरशासमोर न जाताच त्या त्यातली एक बाटली पिशवीत घालून सासूबाईंकडे निघाल्या.

नणंद पंख्याखाली दोन्ही हात पसरून उभी होती. शेजारी दुकानातलं मलम.

“बसा वहिनी. हात वाळले की आलेच.”

आतून सासूबाई ओरडल्या, “नीट कोरडे केलेस ना गं? की पुन्हा तेच?”

वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाटली घेऊन त्या तशाच आत गेल्या.

“आई, हिचे हात कोरडेच होते. बाटल्या ओल्या होत्या, माझ्या. मी न बघता हिच्यावर ढकललं. रविवारी सगळ्यांसमोर पुन्हा सांगते.”

सासूबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग त्या लेकीवरच करवादल्या, “मग तू तेव्हा बोलली का नाहीस?”

“बोलले असते,” नणंद मलमाचं झाकण उघडत म्हणाली, “तर तू कुणाचं खरं मानलं असतंस, आई?”

सासूबाईंनी बाटली बाजूला ठेवली. नणंद खाली बसून त्यांच्या गुडघ्याला मलम लावू लागली. वहिनींना तिथे उभं राहवेना, आणि निघून जायचंही तोंड नव्हतं.