उन्हात विटलेली काळी पट्टी

मी एका जुन्या मोटारीच्या दारावरची काळी पट्टी आहे. चालकाच्या दाराच्या खालच्या अंगाला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, मी आडवी बसवलेली आहे. मित्रांनो, मोटारीकडे पाहणारे पुष्कळ असतात. पट्टीकडे सहसा कोणी पाहत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मी आता थकले आहे. म्हणून माझी हकीकत सावकाश सांगते. तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म अग्नीच्या सान्निध्यात झाला. प्लास्टिकचे दाणे वितळवले गेले, त्यांत काजळी मिसळली गेली आणि तो कृष्णवर्ण रस पोलादी साच्यात दाबला गेला. माझा रंग कोणी वरून फासलेला नव्हता. तो माझ्या देहातच भिनलेला होता. त्यामुळे जे अंगभूत आहे ते कधी नष्ट होत नाही, अशी माझी तेव्हा समजूत होती. मराठवाड्याचे ऊन मी अजून पाहिले नव्हते.

नांदेडच्या चंद्रप्रभाबाईंनी ही मोटार घेतली. त्या शाळेत विज्ञान शिकवीत. केसांत रुपेरी बटा आल्यावर त्या मोटार चालवायला शिकल्या, तेही विष्णुपुरीच्या धरणाकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर. शेजारी त्यांचे यजमान रेणुकादास दोन्ही हातांनी आसन घट्ट धरून बसत. "प्रभा, गोदावरी डावीकडे आहे, एवढं लक्षात ठेव," असे ते म्हणत, आणि बाई हसता हसता गाडी बंद पाडत.

आघात सोसणे हेच माझे काम होते. बाजारात सायकलींची टोके लागली, अरुंद गल्लीत म्हशींची शिंगे घासली, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी उडवलेले खडे आदळले. ते सारे मी अंगावर घेतले आणि दाराच्या रंगावर ओरखडा येऊ दिला नाही. दसऱ्याला यंत्रपूजा होई, तेव्हा बाई मोटारीला हळदकुंकू वाहत आणि एक झेंडूचे फूल माझ्यावरही टेकवीत. "हिने दार सांभाळलं," असे त्या म्हणत. त्या एका वाक्यावर माझे वर्ष निघत असे.

पण मोटार उभी राही ती पश्चिमाभिमुख अंगणात, उघड्यावर. चैत्र-वैशाखातल्या दुपारी माझ्यावर हात ठेवणेही अशक्य होई. हळूहळू माझा कृष्णवर्ण राखेसारखा झाला, पुढे राखेचा चुन्यासारखा झाला. माझ्यावरून बोट फिरवले तर बोटाला पांढरी भुकटी लागे. "ही काय पिठाच्या गिरणीत राहती की काय?" असे दूधवाल्यानेही एकदा विचारले. जे देहात भिनलेले होते तेही सूर्याने काढून नेले.

बाईंना माझी दया येई. त्या अधूनमधून खोबरेल तेल बोटावर घेऊन माझ्या अंगाला चोळीत. चार दिवस मी काळी दिसे. मग त्या तेलावर धूळ बसे आणि मी पूर्वीहून अधिक मलिन होई. तरीही तो हात मायेचा होता, म्हणून मी ते सारे गोड मानून घेतले.

एकदा लातूरला नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा ठरला. निघण्यापूर्वी रेणुकादासांना वाटले, पाहुण्यांपुढे पट्टी अशी विटकी नसावी. त्यांनी बुटांचे काळे पॉलिश आणले आणि ब्रशने माझ्यावर चढवले. मी खरोखरच चकाकू लागले. लातूरला मंडपाशी मोटार थांबली. नवरदेवाचे मामा, गुंडप्पा नावाचे भरदार गृहस्थ, शुभ्र धोतर नेसून स्वागताला पुढे आले आणि मोटारीला टेकून बोलू लागले. ते वळले तेव्हा त्यांच्या धोतरावर गुडघ्याच्या उंचीवर आडवा काळा पट्टा उमटलेला होता.

"मास्तर," ते रेणुकादासांना म्हणाले, "तुमची गाडी लई मायाळू हाय हो. पाहुणा दिसला की रंग लावून राहिली!"

मंडपभर हशा पिकला. गुंडप्पाही हसले. हसला नाही तो एकटा वरद, चंद्रप्रभाबाईंचा मुलगा. घरी परतल्यावर तो म्हणाला, "आई, आता ही गाडी काढून टाकू. चार लोकांत शोभा होते."

बाईंचा चेहरा उतरला. मित्रांनो, त्याचे कारण सांगते. जळकोटला गंगम्मा नावाची त्यांची जुनी मैत्रीण राहते. दोघींनी एकाच शाळेत शिकवले. गंगम्मांची दृष्टी आता गेली आहे, आणि बाई दर पंधरवड्याला स्वतः मोटार चालवीत कंधारच्या वाटेने जळकोटला जातात व त्यांना पुस्तक वाचून दाखवतात. एसटी बदलत बदलत तो प्रवास त्यांच्या गुडघ्यांना झेपत नाही. मोटार गेली असती तर ते वाचन थांबले असते.

"हसं पट्टीमुळे झालं, गाडीमुळे नाही," बाई म्हणाल्या. "पट्टी नीट करून घेतली तर?"

वरद म्हणाला, "तर ठेवू."

अशा रीतीने एका स्त्रीचे सारे जाणेयेणे माझ्या विटलेल्या अंगावर येऊन ठेपले. इतका भार मी पूर्वी कधी वाहिला नव्हता.

गावात लखन नावाच्या कारागिराचे रेडियमचे दुकान होते. गाड्यांचे क्रमांक, काचांवरची नावे, असले काम तो करी. अलीकडे मोटारींवर व्हिनाइलचे आवरणही चढवू लागला होता. ते काळे, पातळ, मागून चिकट असे कातडे असते. ते गरम हवेने मऊ करून अंगाबरोबर बसवतात. बाईंनी त्याच्याकडे जायचे ठरवले. आणि त्या दिवशी सकाळी, निघण्यापूर्वी, त्यांनी काय करावे? दिवाळीच्या पहाटे लेकरांना लावतात तसे कोमट तेल करून त्यांनी माझ्या अंगाला आणि बाकीच्या दारांवरच्या माझ्या तिन्ही बहिणींना मनसोक्त चोळले, आणि मग फडक्याने पुसून घेतले.

लखनने आम्हांला साबणाने धुतले, वाळवले आणि कातडे चढवले. ते इतके सुबक बसले की बाईंनी टाळी वाजवली. पण ऊन वर आले तसा माझा कोपरा सुटला. मग कड सुटली. पाहता पाहता सारे आवरण वाळल्या पानासारखे गुंडाळत आले.

"बाई, माल खराब दिसून राहिला," लखन ओशाळून म्हणाला. त्याने दुसरा गुंडाळा उघडला आणि पुन्हा कातडे चढवले. तेही सुटले. बाई दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी सुटलेली कड अंगठ्याने दाबून धरली. अंगठा काढताच कड पुन्हा वर आली.

"बाई, हिला काही लावलं होतं का?" लखनने विचारले.

"छे, काही नाही. नुसतं तेल."

"तेल!" लखनने कपाळावर हात मारला. "आवो बाई, तेलावर काय चिकटंल?"

"शुभकार्याला न्यायचं म्हणून अभ्यंग घातलं हो!"

"मग आता नाव ठेवायचं बाकी राहिलं बघा. मीबी येडाच. धुण्याआधी इचारायला पाहिजे होतं."

बाई आधी लाजल्या, मग खळखळून हसल्या. "आणि मी जन्मभर वर्गात तेल-पाण्याचा प्रयोग करून दाखवला," त्या म्हणाल्या. "लखनभाऊ, कढत पाणी आणा आणि भांडी घासायची पावडर आणा. तळणाची कढई धुते तशी धुऊ हिला."

मग दोघांनी मिळून आम्हांला घासले. माझ्या सूक्ष्म रंध्रांत वर्षानुवर्षे मुरलेले तेल, पॉलिश आणि धूळ एकत्र होऊन ओघळू लागली. शेवटी लखनने स्पिरिटचे फडके फिरवले. ते अंगाला झोंबले. पण इतकी निर्लेप मी साच्यातून निघाल्यापासून कधी झाले नव्हते. त्यावर चढवलेले कातडे मात्र सुटले नाही. लखनने कडा तापवून पक्क्या केल्या आणि पात्याने जास्तीचा भाग कापला.

मित्रांनो, मी पुन्हा काळी झाले. पण खरे सांगायचे तर हा काळेपणा माझा नाही. आत मी अजूनही पांढरीच आहे. लोक आता ज्याची स्तुती करतात ते माझ्यावरचे पांघरूण आहे. या वयात पांघरूण मिळाले हेही काही कमी नाही, असे म्हणून मी स्वस्थ राहते.

सायंकाळी वरद कामावरून आला. त्याने मोटारीभोवती प्रदक्षिणा घातली, माझ्यावरून बोट फिरवले, बोट पाहिले. ते स्वच्छ होते.

"घे," रेणुकादास पायरीवरून म्हणाले, "आता कोणाचं धोतर रंगणार नाही."

वरद हसला नाही. "गाडी ठेवू," तो म्हणाला, "पण आई, तू चालवू नकोस."

मग बाईंनी विचारले, "म्हणजे अडचण पट्टीची नव्हतीच?"

"मागे जळकोटहून यायला तुला उशीर झाला. फोन लागेना. मी फाटकाशी उभा होतो. काय काय येऊन गेलं मनात."

"मग तेव्हाच का नाही बोललास? त्या मुक्या पट्टीवर कशाला ढकललंस?"

"तुला म्हातारी कसं म्हणू गं?" वरद म्हणाला.

"म्हण की! मी आहेच म्हातारी. यांना विचार, हे रोज म्हणतात."

"मी मनात म्हणतो," रेणुकादास पुटपुटले.

बाईंनी किल्ली मोटारीवर ठेवली. "रविवारी माझ्याबरोबर जळकोटला चल. शेजारी बसून डोळे उघडे ठेवून पाहा. चुकले तर ही तुझी."

रविवारी आम्ही निघालो. कंधारच्या पुढे म्हशींचा कळप आडवा आला, तो येण्याआधीच बाईंनी वेग कमी केला होता. वळणावर मालमोटारीला वाट दिली. वरदचा पाय मात्र नसलेला ब्रेक दाबीत होता. जळकोटला बाईंनी गंगम्मांना पुस्तक वाचून दाखवले. वरद अंगणात बसून ऐकत होता. वाचन रंगले आणि निघायला उशीर झाला.

परतीच्या वाटेवर दिवेलागण झाली. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले. तेव्हा बाईंनी कोणी न सांगता मोटार रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केले आणि त्या दार उघडून खाली उतरल्या.

"काय झालं, आई?"

"दिव्यांनी डोळे दिपतात आताशा. दिवसा मला सगळं नीट दिसतं. या वेळेला दिसत नाही. आता तू चालव."

वरद उतरून चालकाच्या बाजूला आला. मग त्याने स्टिअरिंग हाती घेतले. घरी पोहोचल्यावर त्याने किल्ली काढली आणि आईच्या हातात ठेवली.

"पुढच्या खेपेला सकाळी लवकर निघ," तो म्हणाला. "ऊन कलायच्या आत परत ये. आणि पोचलीस की फोन कर."

तेव्हापासून आम्ही दर पंधरवड्याला जळकोटला जातो. वरदने मोटारीवर पत्र्याची शेड घातली आहे. ती आधी असती तर मला हे कातडे पांघरावे लागले नसते. पण उशिराने का होईना, सावली ही सावलीच.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तूला तेलापेक्षा, पॉलिशपेक्षा, थोडी सावली द्या. आणि आपल्या माणसाविषयी मनात भीती असेल तर ती त्या माणसालाच सांगा. आमच्या विटलेल्या रंगावर तिचे ओझे टाकू नका. आम्ही ते वाहतो, कारण वाहणे हेच आमचे काम आहे. पण आम्हांला बोलता येत नाही, आणि आम्ही आता फार थकलो आहोत.