उथळ तळ्यातले क्रँकबेट

प्रल्हाद देवस्थळेला मासे आवडत नसत. खायला नाही, पकडायला नाही, फिशटँकमध्ये बघायलासुद्धा नाही. तरीही अमेरिकेत नोव्हायमधल्या त्याच्या अपार्टमेंटच्या कोटांच्या कपाटात दोन रॉड उभे होते, आणि त्याची बायको शैलजा हिच्या पापडांच्या जुन्या डब्यात गळ नि दोऱ्या भरलेल्या होत्या. याला कारण रॉन. कारच्या सीटचे सांगाडे डिझाइन करणाऱ्या प्रल्हादच्या ग्रुपचा हा मॅनेजर, आणि बास मासा सोडला तर जगात दुसऱ्या कशात त्याला रस नव्हता. लंचला रॉन माशांबद्दल बोले आणि टेबलावरचे सगळे माना डोलावत. प्रल्हाद घरी येऊन एक्सेल शीट बनवी.

शीट मात्र अफलातून होती, हे मानलं पाहिजे. कुठला क्रँकबेट किती फूट खाली जातो, कुठल्या रंगावर बास झडप घालतो, कुठल्या दुकानात कधी सेल लागतो, सगळं रकान्यांत मांडलेलं. क्रँकबेट म्हणजे प्लॅस्टिकची खोटी मासोळी. पोटाखाली तीन तीन टोकांचे दोन गळ आणि तोंडापुढे एक पारदर्शक पाती. दोरी गुंडाळायला लागलं की पाती पाणी कापते आणि मासोळी बुडी मारते. पाती लांब असेल तर खोल जाते, आखूड असेल तर वरच्या वर पोहते. कमी पैशांत भागवायचं तर ढीगभर घ्यायचे नाहीत, आपल्या तळ्याला चालतील असे दोनतीनच घ्यायचे, हा निष्कर्ष प्रल्हादने शीटच्या तळाशी ठळक अक्षरात लिहून ठेवला होता. सहा डॉलरची वस्तू घ्यायला तो तीन आठवडे लावी.

दोन हजार आठच्या मे महिन्यात या सगळ्याला अचानक अर्थ आला. गाड्या खपेनात, आणि कंपनीने कात्री काढली. ग्रुपमध्ये व्हिसावरचे दोघेच: प्रल्हाद, आणि दीड वर्षापूर्वी नागपूरहून आलेला यतीन. ग्रीन कार्डाची फाइल एकाचीच होणार होती, दुसऱ्याला जूनअखेर निरोप. कोण राहणार ते रॉन ठरवणार होता. प्रल्हादच्या एचवन व्हिसाची सहा वर्षं पुढच्या उन्हाळ्यात संपत होती. आत्ता फाइल झाली नाही, तर शैलजा आणि आठवीतली मुलगी सावनी यांच्यासह बिऱ्हाड गुंडाळणं भाग होतं. सोलापुरात थोरल्या भावासमोर रिकाम्या हाताने उभं राहायचं, हा विचार आला की तो पुन्हा शीट उघडून बसे.

बासचा सीझन उघडायच्या शनिवारी रॉनने दोघांनाही आपल्या बोटीवर बोलावलं. कारण सांगितलं नाही, पण दोघांना कळायचं ते कळलं.

यतीनने आयुष्यात कधी रॉड हातात धरला नव्हता. तो सरळ प्रल्हादकडे आला. तो त्याला दादा म्हणे, आणि नुसतं तोंडाने नाही. आल्या आल्या पहिले पंधरा दिवस तो त्यांच्याच हॉलमध्ये झोपला होता. आता त्याची बायको रुचा सात महिन्यांची गरोदर होती, आणि तिचं डोहाळजेवण शैलजाने आपल्या घरी पुढच्या रविवारी ठरवलं होतं.

“दादा, तुमची शीट म्हणजे आपलं बायबल,” दुकानात शिरताना यतीन म्हणाला. “पण बजेट फक्त वीस डॉलर यार. बाळाला झोपायला क्रिब घ्यायचंय. वीसच्या वर गेलो तर रुचा मलाच गळाला लावेल.”

रॉनचं तळं प्रल्हादला पाठ होतं. तीनचार फूट पाणी, आणि मेअखेर तळापासून वर आलेलं शेवाळं आणि गवत. तिथे आखूड पातीचाच क्रँकबेट लागतो. वीस डॉलरमध्ये तसे तीन सहज आले असते. त्याचा हात त्या रांगेकडे गेलासुद्धा. एकावर तर त्याने बोट टेकवलं होतं. मग त्याने हात खाली घेतला आणि यतीनला कोपऱ्यातल्या क्लीअरन्सच्या टोपलीपाशी नेलं. तिथे लांब पातीचे, बारा फूट खोल जाणारे क्रँकबेट पडून होते. आसपासच्या उथळ तळ्यांवर कुणी ते घेत नसे, म्हणून तर ते टोपलीत आले होते.

“हे घे. पाच येतील तुझ्या बजेटमध्ये. आणि पाती बघ केवढी.”

यतीनने एक डबी उलटी केली, मागचं वाचलं. जरा वेळ वाचतच राहिला.

“हे चालतील ना, दादा?”

“अरे, मी सांगतोय ना!”

यतीनने पाचही उचलले. परत येताना कारमध्ये तो बाळाच्या नावांची यादी वाचून दाखवत होता आणि प्रल्हाद प्रत्येक नावाला छान म्हणत होता. नीच माणसाला झोप लागत नाही असं म्हणतात, पण प्रल्हाद त्या रात्री ढाराढूर झोपला.

शनिवारी बोटीवर जे व्हायचं तेच झालं. यतीनने पहिला क्रँकबेट फेकला, दोरी गुंडाळली, आणि मासोळी नाक खुपसून थेट चिखलात शिरली. वर आला तो शेवाळ्याचा ओला गोळा. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गळ गवतात असा रुतला की दोरी तुटली आणि चार डॉलर तळ्यात राहिले. शेजारी प्रल्हाद आपला आखूड पातीचा, खेकड्याच्या रंगाचा क्रँकबेट गवताच्या शेंड्यांवरून अलगद खेचत होता. अकरा वाजेपर्यंत त्याने चार बास धरले आणि चारही, रॉनसारखेच, ओठाला धरून पाण्यात सोडले. त्याला शिसारी येत होती, पण चेहऱ्यावर त्याने आनंद आणला होता. यतीन गुडघ्यांवर बसून गळातलं शेवाळं काढत होता. त्याची बोटं रक्ताळली होती आणि तरी तो हसत होता.

रॉनने बराच वेळ हे पाहिलं. मग हात लांब करून यतीनच्या रॉडची मासोळी पकडली, तिच्या पातीवरून अंगठा फिरवला.

“हे तुला कोणी निवडून दिलं?” त्याने विचारलं.

यतीन ताठ बसला. साहेबासमोर आपल्या थोरल्या माणसाचं नाव घ्यायची संधी आली होती, आणि ती सोडण्याचे संस्कार त्याच्यावर नव्हते.

“प्रल्हादने! स्वतः दुकानात येऊन, एकेक बघून. संपूर्ण संध्याकाळ घालवली त्याने माझ्यासाठी. मला यातलं काही कळत नाही, पण त्याला सगळं कळतं.”

रॉनने प्रल्हादच्या रॉडकडे पाहिलं. मग प्रल्हादकडे. प्रल्हाद पाण्याकडे बघत दोरी गुंडाळत राहिला. आता संपलं, असं त्याला वाटलं. रॉन मात्र हळूहळू हसायला लागला, आणि शेवटी इतका हसला की बोट डुलायला लागली. काय झालं ते न कळून यतीनही हसला.

मंगळवारी रॉनने प्रल्हादला केबिनमध्ये बोलावलं.

“फाइल तुझी होईल,” तो म्हणाला. “येत्या दिवसांत मला इथे अजून बरीच माणसं काढायची आहेत. जवळच्या माणसाला असे क्रँकबेट हसत हसत निवडून देणारा माझ्या उपयोगाचा आहे. आणि यतीनला तूच सांग. तुमच्या भाषेत सांग, म्हणजे कमी लागेल.”

प्रल्हादने शुक्रवारी कँटीनमध्ये सांगितलं. सांगताना यतीनच्या खांद्यावर हात ठेवला, आणि आपण त्याच्यासाठी रॉनशी किती भांडलो तेही सांगितलं. तेवढं खोटं बोलायची काही गरज नव्हती, पण एकदा सुरुवात झाली की थांबवत नाही. यतीनने समोरचा डबा बंद केला. “रुचाला डोहाळजेवण होईपर्यंत सांगू नका,” एवढंच तो म्हणाला.

रविवारी रुचा हिरवी साडी नेसून, फुलांचा मुकुट घालून शैलजाच्या सोफ्यावर बसली. बायकांनी दोन वाट्या झाकून ठेवल्या आणि तिला एक उघडायला लावली. पेढा निघाला की बर्फी यावरून गलका झाला. रुचा खळखळून हसली, आणि प्रल्हाद किचनमध्ये जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला.

यतीन तिथेच आला. त्याच्या हातात डबी होती.

“दादा, हे चार राहिलेत. तिकडे माझ्या काय कामाचे? तुम्हाला लागतील.”

“अरे, राहू दे.”

“घ्या हो. एकेक धुऊन, पुसून ठेवलाय.” त्याने डबी ओट्यावर ठेवली. “मागे लिहिलेलं होतं, बारा फूट पाण्यासाठी म्हणून. दुकानातच वाचलं होतं मी. आणि तळं उथळ आहे हे रॉनने लंचला शंभरदा सांगितलंय. पण म्हटलं, दादा सांगतायत तर त्यांना काहीतरी जास्त माहीत असेल.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने पुढे होऊन नळ बंद केला आणि बाहेर बायकोशेजारी जाऊन बसला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात यतीन आणि रुचा नागपूरला परत गेले. विमानतळावर शैलजाने पोहोचवलं. प्रल्हादला मीटिंग होती.

चार क्रँकबेट टाकून द्यायला हवे होते. पण चांगली, धडधाकट वस्तू कचऱ्यात टाकणं प्रल्हादच्या रक्तात नव्हतं. त्याने ते पापडांच्या डब्यात ठेवले, आणि पुढच्या शनिवारी बोटीवर रॉनने तो डबा उघडला.

“हे तेच ना?” रॉनचे डोळे चमकले. “बांध. आज याच्यानेच.”

प्रल्हादला वाटलं, एका दिवसाची थट्टा आहे. ती पुढच्या शनिवारीही झाली, त्याच्या पुढच्याही. फाइल दाखल झाली होती आणि ग्रीन कार्ड हातात पडायला अजून चारपाच वर्षं होती. तोवर ती फाइल रॉनच्या सहीवर उभी होती. रॉन मासे काढतो. प्रल्हाद गुडघ्यांवर बसून तीन टोकांच्या गळातलं शेवाळं बोटांनी काढतो, पुन्हा फेकतो, पुन्हा काढतो. बोटीवर कोणी नवा पाहुणा असला की रॉन हमखास मोठ्याने विचारतो, “प्रल्हाद, हे कोणी रे निवडले?”

आणि प्रल्हाद हसून सांगतो, “मीच.”