न हलणारं गिऱ्हाईक

कलावंताच्या आत्म्याला अधूनमधून समुद्राची हाक ऐकू येते. हे वाक्य फोटोवाल्या काकांना दुकानाच्या शटरवर लावायचं होतं. काकूंनी ते वाचलं, पेन हातातून काढून घेतलं आणि 'दुकान चार दिवस बंद' असा कागद चिकटवला.

काकांचा धंदा अर्जावर चिकटवायच्या फोटोंचा. पांढरा पडदा, एक स्टूल, दोन दिवे. मान सरळ, कान दिसू द्या, हसू नका, हलू नका. अख्खा गाव त्या स्टुलावर बसून उठला होता आणि अख्खा गाव त्यांना 'हलूनका' म्हणायचा. त्याचं त्यांना काही वाटत नसे. सल वेगळाच होता. फोटोग्राफर संघाच्या वार्षिक प्रदर्शनात निसर्गचित्रांची एक लांबलचक भिंत असे आणि तिच्यावर काकांचा फोटो आजवर एकदाही लागला नव्हता. दरवर्षी पाठवायचे, दरवर्षी परत यायचा. "झाड छान आहे हो," निवड समितीतल्या बाई मागच्या खेपेला कळवळून म्हणाल्या होत्या, "पण नोकरी मागायला आल्यासारखं वाटतं."

म्हणून ही सुट्टी, आणि म्हणून हा खडकाळ किनारा. बरोबर मेहुणी आणि साडू. साडू लग्नांचे फोटो काढत, आणि निसर्गाच्या भिंतीवर त्यांची जागा ठरलेली असे.

किनारा मात्र बघत राहावा असा होता. काळा कातळ पाण्याने खाऊन खाऊन त्याच्या घळी झालेल्या, कपारींत शेवाळ, शेवाळात खेकड्यांची लगबग. टोकाला, पाण्यात, एकटाच उभा सुळका. त्याच्या डोक्याजवळ आरपार भोक. लाट फुटली की ते पाण्याने भरायचं, ओसरली की पलीकडचं आभाळ दिसायचं.

काकांनी जे दिसेल ते टिपलं. काकूंनी कॅमेऱ्यात डोकावून पाहिलं.

"अहो, हा कडा परदेशी चाललाय का?"

"का?"

"मधोमध बसलाय, तोंड पाडून. दोन्ही कान दिसतायत."

साडूंना राहवलं नाही. "साडूभाऊ, निसर्गाला जरा मोकळं सोडा. कडेला घ्या, तिरका धरा. काय सगळ्यांना स्टुलावर बसवताय!" एवढं सांगून ते लाटांकडे वळले. "वा! मस्त! अजून एकदा! जरा इकडे बघून!"

"आता लाटेकडून केक कापून घेतील," मेहुणी म्हणाली.

काकांनी सल्ला मानला. दोन दिवस सगळं तिरकं काढलं. काकूंनी पुन्हा डोकावलं आणि समुद्र डावीकडून सांडतोय एवढंच म्हणाल्या. त्या रात्री काका अर्ध्या ताटावरून उठले. या वर्षीही भिंत गेली, तर पुन्हा पाठवायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या संध्याकाळी सूर्य सुळक्यामागे उतरायला लागला. लाट फुटली, साडूंचा कॅमेरा पत्र्यावर गारा पडाव्यात तसा वाजला. फवारा काय, रंग काय! पण प्रत्येक फोटोत भोक पाण्याने बुजलेलं.

"नेमकं मिटतं हो!" साडू वैतागले.

काका चमकले. मिटतं? या एका विषयात त्यांना शिकवणारा जगात कोणी नव्हता. डोळे मिटू नका, असं सांगून कोणी ऐकत नाही. माणसाला मिटू द्यायचे. मिटून उघडलेला डोळा क्षणभर अगदी ताजा असतो, आपला फोटो निघतोय हे त्याला अजून आठवलेलं नसतं. तो क्षण आपला.

त्यांनी कॅमेरा सरळ केला. सुळका आणला मधोमध.

"मान सरळ," ते पुटपुटले. काकू हसल्या नाहीत.

लाट आली. साडूंनी गारा पाडल्या. काका थांबले. पाणी ओसरलं, भोकाच्या काठावरून थेंब निथळायला लागले आणि त्या ओल्या खोबणीत सूर्य येऊन बसला, लाल, टक्क उघडा.

एकच आवाज. खट्.

"झालं," काका सुळक्याला म्हणाले, "उठा."

"एकच?" साडू किंचाळले. "अहो, बघा तरी नीट आलाय का!"

"आलाय."

काकूंनी कॅमेरा घेतला. पदराची सावली धरून फोटो पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, इकडे ये गं लवकर." साडूंनी पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. "साडूभाऊ," ते म्हणाले, "हा माझा असता ना, तर मी उद्यापासून लग्नं बंद केली असती."

प्रदर्शनात त्या फोटोसमोर माणसं हटेनात. त्याच बाई व्यासपीठावरून म्हणाल्या, की हा खडक आपल्याकडे बघतो, आणि बघता बघता आपणच मान सरळ करतो. पहिलं बक्षीस! सगळं सभागृह उठून उभं राहिलं. साडूंनी शिट्टी मारली, मागून "हलूनका! हलूनका!" असा गजर झाला, काकू पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत रडत होत्या. काका ताठ मानेने पायऱ्या चढले.

निवड समितीने एकमताने तो फोटो निसर्गाच्या भिंतीवरून काढून व्यक्तिचित्रांमध्ये लावला होता.