नऊ वाजताचं बाळंतपण

“पी गपचूप. कोणी यायच्या आत.”

सुईणबाईंनी कप लेकीच्या ओठांना लावला तेव्हा साडेसहा वाजत होते. लेकीने दाराकडे पाहिलं.

“आई, नर्सने बजावलंय. पोटात काही जायला नको.”

“त्या नर्सचं वय काय, आणि माझ्या हातून झालेली बाळंतपणं किती! अगं, दूध म्हणजे काय जेवण? उपाशी ठेवायचं, अशक्त करायचं, आणि मग म्हणायचं, हिच्यात ताकदच नव्हती. ओळखून आहे मी यांना.”

लेकीने अर्धा कप संपवला. तिला रात्रभर झोप नव्हती, पोटात आग पडली होती आणि समोर आई होती.

सुईणबाईंचा या सगळ्या प्रकारावरच विश्वास नव्हता. गुरुवारी नऊला बाळंतपण! पोरं काय आगगाडीसारखी वेळापत्रकाने येतात? चाळीस वर्षं त्या लोकांच्या दारी गेल्या, कधी भरल्या ताटावरून उठून, कधी ताप अंगावर काढून. कळा सुरू झाल्या की निरोप यायचा. पुढची वेळ बाळ ठरवायचं. आता डॉक्टर म्हणाले, बाळ पायाळू आहे, पोट उघडावं लागेल. पायाळू म्हणे! तशी अकरा बाळं त्यांनी सोडवली होती. त्यातली दोन गेली, हे मात्र त्या मनातसुद्धा हळूच म्हणत.

कालपासून त्या डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. संमतीचा कागद त्यांनी दोनदा वाचला. सलाईनच्या बाटलीवरची तारीख उजेडात धरून पाहिली. लघवीची नळी घालणार म्हटल्यावर म्हणाल्या, “ती कशाला? चालता येतं की तिला.”

“कंबरेखाली सगळं बधिर होणार ना, आजी. मग कशी चालेल?” नर्स हसली. ते हसणंही त्यांना खटकलं.

आठ वाजता भुलीच्या डॉक्टरबाई आल्या. पलंगाच्या कडेला टेकून लेकीला सांगू लागल्या, “पाठीत एक सुई. मग तू जागी, पण पाय आपले नाहीत असं वाटेल. समोर पडदा असेल. पोटात कोणी सामान आवरतंय असं वाटेल, पण दुखणार नाही. बाळ पाच-दहा मिनिटांत बाहेर, टाके घालायलाच जास्त वेळ. मळमळलं, थरथरलीस, तर लगेच सांगायचं.” मग फाईल उघडून विचारलं, “रात्रीपासून काही खाल्लं-प्यायलं?”

“नाही,” लेक म्हणाली. आईला बोलणी बसू नयेत म्हणून तिने आईकडे पाहिलंच नाही.

“दुखणार नाही म्हणता,” सुईणबाई मध्येच बोलल्या, “मग पोटात काय आहे, त्याच्याशी काय देणंघेणं?”

“कंबरेची भूल पुरली नाही तर पूर्ण झोपवावं लागतं, आजी. तेव्हा पोटातलं वर आलं तर फुप्फुसात जातं. दूध तर फारच वाईट. माणूस दगावतो त्यात.”

दूधच का म्हणाल्या या? सहज, की वास आला? घाबरवायची रीतच असते यांची, असं सुईणबाई स्वतःला सांगत राहिल्या. पण लेकीचा चेहरा उतरला होता. अशाच एका उतरलेल्या चेहऱ्याला त्यांनी एकदा ठणकावून सांगितलं होतं, काही होत नाही, मी आहे ना. त्या घरातून त्या संध्याकाळी मान खाली घालून निघाल्या होत्या.

“मी दिलंय,” त्या म्हणाल्या. “दूध. साडेसहाला, अर्धा कप. तिचा दोष नाही, मीच पाजलं.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फाईलमध्ये दोन ओळी लिहिल्या. “आता दुपारी एकला घेऊ. बरं झालं बोललात.” आणि त्या गेल्या.

लेक छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, “मुद्दाम केलंस ना?”

“काय बोलतेस!”

“ऑपरेशन टळावं म्हणून. पहिल्यापासून तुला नकोच होतं.”

“तुझ्या अंगात ताकद राहावी म्हणून गं.”

“खरं सांग, आई.”

सुईणबाईंनी तोंड उघडलं. खरं काय ते आधी स्वतःला विचारलं, आणि त्यांना छातीठोक उत्तर सापडेना.

मग जावई आला. लेकीने त्याला काय सांगितलं कोण जाणे, पण एक वाजेपर्यंत तो खोलीतून हलला नाही. “आई, तुम्ही बाहेर बाकावर जरा पडा,” असं तीनदा म्हणाला, अगदी आदराने, आणि तिन्ही वेळा पलंगाच्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहून.

एक वाजून बारा मिनिटांनी मुलगी झाली. दोघी सुखरूप.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सने नळी काढली. “आता उठायचं. पडून राहिलं तर पायात रक्त गोठतं. खोकताना पोटावर उशी दाबून धर. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नकोस. आणि अंगावरून रक्त जाईल, त्याला घाबरू नकोस.”

“पोटातून बाळ काढलं, तरी अंगावरून?” सुईणबाईंनी डोळे बारीक केले.

“बाळंतीण ती बाळंतीणच, आजी.”



“आधाराला कोण येतंय?” नर्सने विचारलं. जावई खाली औषधं आणायला गेला होता. लेकीने आईकडे पाहिलं, मग नजर वळवली. “मी चालेन. भिंत आहे.”

ती कुशीवर वळली, कोपरावर उठली, पाय खाली सोडले. एक हात टाक्यांवर, दुसरा भिंतीवर, कंबरेत वाकून तिने पहिलं पाऊल टाकलं. दात ओठांत रुतले होते. सुईणबाई बाजूने चालू लागल्या. त्यांचा तळवा लेकीच्या पाठीमागे उघडा होता, चार बोटं अंतर राखून. लेक खिडकीशी पोचली, श्वास घेतला, वळली. त्याही वळल्या. हात तसाच होता, न टेकलेला.