टोपीची चोच मागे

मित्रांनो, मी एक जुना हातप्रेस आहे. छापखान्यातला नव्हे. माझ्यातून वर्तमानपत्राचा कपटासुद्धा कधी निघाला नाही. मी काडतुसं भरायचा प्रेस. तुमच्या स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या असतो ना, त्याचा मला लांबचा चुलतभाऊ समजा. त्याच्यासारखंच दाबायचं माझं काम, फक्त अंग ओतीव लोखंडाचं आणि स्वभाव जरा गंभीर. तिथे चुकलं तर चकली मोडते. इथे चुकलं तर तेवढ्यावर भागत नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या भट्टीत झाला, पण ते दिवस मला फारसे आठवत नाहीत. माझी आठवण सुरू होते ती अमेरिकेतल्या मोंटानातल्या सोल्बर्गांच्या मेंढ्यांच्या रँचवर. आर्विड सोल्बर्गने मला खोक्यातून बाहेर काढलं, कोठारातल्या जाड फळीच्या टेबलावर ठेवलं आणि चार बोल्ट पिळून कायमचं बसवून टाकलं. तेव्हापासून माझी जागा हलली नाही. समोर एक खिडकी, खिडकीबाहेर कुंपण, कुंपणापलीकडे डोंगर. जग म्हणाल तर माझं एवढंच.

आर्विडने ज्या वर्षी मार्लिसशी लग्न केलं, त्याच वर्षी तिला एक रायफल दिली. दुसऱ्या बायकांना नवरे अंगठ्या देतात, असं ती पुढे लोकांना सांगायची आणि हसायची. रायफलीच्या खाली लोखंडाची एक कडी. ती खाली ओढली की उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर उडते, पुन्हा वर घेतली की नवं काडतूस आत जातं. ती रायफल आणि मी एकमेकांना फार जवळून ओळखतो. तिने उडवायचं, मी पुन्हा भरायचं. इतकी वर्षं झाली, आमचं कधी भांडण झालं नाही.

तिची एक खोड मात्र सांभाळावी लागते. तिची काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक निजतात, एकाचं नाक दुसऱ्याच्या बुडाला टेकून. आणि बुडाला असते टिकली, ठोका बसला की पेटणारी. म्हणून तिला टोकदार गोळी चालत नाही. एखादा दणका बसायचा आणि सगळी रांग हातातच पेटायची. तिला चपट्या नाकाचीच गोळी लागते. "आपल्या घरात सगळ्यांचीच नाकं चपटी," आर्विड म्हणायचा, "रायफल तरी वेगळी कशी निघेल?"

काम असं चालायचं. उडालेली पुंगळी जरा फुगलेली असते. मी तिला दाबून पुन्हा मापात आणायचो. जुनी टिकली पडायची, नवी बसायची. मग सगळ्या पुंगळ्या भोकांच्या फळीवर ओळीने उभ्या राहायच्या आणि आर्विड मापाने एकेकीत बंदुकीची दारू सोडायचा. शेवटी प्रत्येकीच्या डोक्यावर गोळी, आणि तिचं तोंड गच्च आवळणं माझ्याकडे. माझा दांडा त्याच्या तळहाताने गुळगुळीत झाला होता. काडतूस नीट बसलं की दांड्याला ते कळतं आणि दांड्यातून हाताला.

आता टोपीचं सांगतो. आर्विडच्या डोक्यावर बारमाही एक टोपी असे, कपाळावर सावलीपुरती चोच आलेली. दारूचा डबा उघडायच्या आधी तो टोपी फिरवायचा, चोच मागे. चोच मागे म्हणजे कुणी बोलायचं नाही. हाक नाही, प्रश्न नाही, "कॉफी ठेवू का?" सुद्धा नाही. कारण बोलण्यात लक्ष गेलं की एखाद्या पुंगळीत दारू दोनदा पडते, नाहीतर पडतच नाही. दोनदा पडली तर रायफल फुटते. अजिबात नाही पडली तर नुसतं फुस्स होतं आणि गोळी नळीतच अडकून बसते. एकदा चर्चचे पाद्रीबाबा आले होते. चोच मागे बघून ते कडाक्याच्या थंडीत दारात हात चोळत उभे राहिले. डबा बंद झाला, चोच पुढे आली, तेव्हा म्हणाले, "माझ्या प्रवचनाला तुम्ही लोक इतके गप्प बसलात तर मी धन्य होईन."

मग आर्विड गेला. हृदय थांबलं, मेंढ्या मोजता मोजता. माझ्यावर कुणीतरी गोणपाट टाकलं. टोपी खिळ्यावर लटकत राहिली. माझ्या दांड्यावर गंज चढला, उंदरांनी माझ्या पायाशी बिऱ्हाड थाटलं. मित्रांनो, कुणी वापरत नाही म्हणून लोखंड रडत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. मला फार वाईट वाटायचं. खिडकीतून मार्लिस येता-जाता दिसायची, पण ती कोठारात यायची नाही. तिलाही ती टोपी बघवत नसावी.

ती पुन्हा आली ती खांद्यामुळे. घोड्याने तिला खडकावर फेकलं आणि उजव्या खांद्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पहिल्यासारखं नाही. माझ्या खिडकीबाहेर, कुंपणापाशी, दुकानातलं तयार काडतूस तिने रायफलीत घालून एकदाच उडवून पाहिलं. धक्का असा बसला की ती मटकन खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी आलं. नेमका तिचा दीर लीलंड तिथे होता. लीलंड माणूस मनाने चांगला, पण तोंडाला झाकण नाही.

"मार्लिस, आता पुरे झालं," तो म्हणाला. "वसंतात मेंढ्या व्यायला लागल्या की डोंगरातली ग्रिझली अस्वलं वास काढत खाली येतात. तुला बंदूक पेलत नाही. एकटी काय करणार तू? त्यांना तुझी ती बटाट्याची पोळी, लेफ्से, खाऊ घालणार?"

"माझी लेफ्से खाऊन तू जगलास की," ती म्हणाली. "अस्वलाचं काय घेऊन बसलास."

"तुझ्याकडे मिरचीचा फवारा आहे, ठाऊक आहे मला. या वाऱ्यात तो तुझ्याच डोळ्यांत जाईल. ऐक माझं. विकून टाक आणि गावात ये."

दुसऱ्या दिवशी तिने माझ्यावरचं गोणपाट ओढून काढलं. उंदरांना हाकललं, तेल आणि चिंधी घेऊन माझा गंज पुसला, दांडा वर-खाली करून पाहिला. मी जरा करकरलो. "मी पण अशीच करकरते रे," ती म्हणाली. मग खिळ्यावरची टोपी घेतली, थोडा वेळ नुसती हातात धरली आणि डोक्यावर ठेवली. तिला ती मोठी होत होती.

त्या हिवाळ्यात तिने जे केलं ते मी आर्विडलाही करताना पाहिलं नव्हतं. आर्विड काडतुसं रायफलीच्या मापाची करायचा. मार्लिसने ती आपल्या खांद्याच्या मापाची केली. दारू कमी, पण काडतुसं भरायच्या पुस्तकात सांगितलेल्या हद्दीच्या आतच, आणि गोळी जड. धक्का सोसवला पाहिजे, पण अस्वलापुढे लेचंपेचंही चालायचं नाही. थोडीशी भरायची, कोठारामागे नेऊन एका फळीवर नेम धरून उडवायची, खांदा चोळत परत यायचं, पुन्हा बसायचं. कधी धक्का जास्त व्हायचा, कधी गोळी भलतीकडे जायची. ती चिडली नाही की कंटाळली नाही. एका दुपारी ती परत आली तेव्हा खांदा चोळत नव्हती. माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणाली, "जमलं बरं का, म्हाताऱ्या." मी लोखंडाचा आहे, पण त्या दिवशी मला फुगल्यासारखं वाटलं.

आता मेंढ्या व्यायच्या दिवसांसाठी तशीच काडतुसं भरून ठेवायची होती. फळीवर पुंगळ्या उभ्या होत्या. दारूचा डबा उघडा, चोच मागे. ओळीत दारू सोडत ती निम्म्यावर आली आणि दार धाडकन उघडलं.

"मार्लिस! गिऱ्हाईक मिळालं!" लीलंड टोपी बघतोय कशाला. "कॅलिफोर्नियाचा माणूस आहे. घर, रान, मेंढ्या, सगळं एकदम घेतो म्हणतो. शनिवारी बघायला येणार आहे. तू फक्त हो म्हण!"

तिचा हात हवेत थांबला. मग तिने आणखी एका पुंगळीत दारू सोडली, आणि आणखी एका. चेहरा मात्र पांढरा पडला होता. थोड्या वेळाने तिने माप खाली ठेवलं, बॅटरी घेतली आणि भरलेल्या एकेका पुंगळीत उजेड पाडून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

लीलंडही वाकून बघत होता. "सगळ्या सारख्याच तर दिसतायत."

"दिसतायत."

"मग झालं तर."

"दिसतायत, पण मला खात्री नाही," ती म्हणाली, आणि एकेक पुंगळी उचलून सगळी दारू डब्यात परत ओतायला लागली.

"अगं, अर्धा दिवस गेला असेल तुझा त्यात! एका शब्दापायी?"

"तुझ्या एका शब्दापायी नाही. माझं लक्ष उडालं त्यापायी. आता तू घरी जा, लीलंड. आणि त्या माणसाला शनिवारी यायचं तर येऊ दे. कॉफी देईन. रान देणार नाही."

लीलंड पाय आपटत गेला. बाईला वेड लागलंय, असं तो मोठ्याने म्हणाला, म्हणजे तिलाही ऐकू जावं. ती पुन्हा पहिल्या पुंगळीपासून बसली. त्या ओळीत एखादीत दारू कमी-जास्त पडली होती की नव्हती, ते मला माहीत नाही, तिलाही नाही. कुणाला कधी कळणारही नाही. पण शंकेपायी चांगलं केलेलं काम असं ओतून टाकायला केवढी छाती लागते, ते मी त्या दिवशी पाहिलं.

एप्रिलमध्ये मेंढ्या व्यायला लागल्या. लीलंड रुसलेला होता तरी मदतीला आला. काही झालं तरी तो सोल्बर्ग होता. रात्रीतून एक मेंढी मेली होती, ती गोठ्यामागे पडली होती. तिला दोर बांधून ओढायला लीलंड सकाळी गेला, आणि मार्लिस रायफल खांद्याला अडकवून त्याच्या मागे. मला खिडकीतून त्यांच्या पाठी दिसल्या. मग ती दोघं गोठ्याआड गेली.

आधी लीलंडची आरोळी आली. मग एकच बार झाला. ठणठणीत, भरीव. आपल्या काडतुसाचा आवाज मला लगेच ओळखू येतो. फुस्स झालं नव्हतं. पण त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही. ना दुसरा बार, ना बोलणं. मित्रांनो, बोल्टने जखडलेल्याला धावता येत नाही. मी खिडकीकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळाने कोठाराचं दार उघडलं. दोघंही आली. लीलंडचे गुडघे चिखलाने माखलेले. तो धपकन खोक्यावर बसला आणि बडबड सुटली.

"मेंढीच्या पलीकडेच बसलं होतं अस्वल! मला दिसलंच नाही. उठलं ते थेट माझ्यावर. मी घसरून पडलो. आणि हिने त्याच्या नाकासमोर चिखलात गोळी घातली. चिखल त्याच्या तोंडावर उडाला. थांबलं ते, दात वाजवत. आणि ही कडी ओढून पुन्हा नेम धरून उभी! खांदा हलला नाही हिचा!"

"त्याला विचार करायला वेळ दिला," मार्लिस म्हणाली. "पुढे आलं असतं तर दुसरी त्यालाच लागली असती. नको होतं मला ते. पोट भरायला आलं होतं बिचारं."

"आणि पहिलीच फुस्स झाली असती तर?"

असं विचारता विचारता लीलंडची नजर भोकांच्या फळीवर गेली. मार्लिसने खिशातून रिकामी पुंगळी काढली आणि माझ्याशेजारी उभी केली. तिला अजून दारूचा वास येत होता. त्या दिवसापासून गिऱ्हाइकाचं नाव लीलंडने पुन्हा काढलं नाही.

पुढचा हिवाळा आला. मी तेलपाणी केलेला, खिडकीशी, कामात. मार्लिसने टोपी फिरवली, डबा उघडला आणि पहिली ओळ धरली. तेवढ्यात दार हळूच किलकिलं झालं. बाहेर बर्फ पडत होता. दारात लीलंड उभा होता, काहीतरी सांगायला आलेला, तोंड उघडलेलं. त्याने तिच्या डोक्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी मान खाली घालून काम करत असेल. त्यांच्या डोक्यावर कदाचित टोपी नसेल. पण त्यांच्या हाताकडे नीट बघा आणि तो खाली येईपर्यंत थांबा. माझ्यासारख्या जुन्या लोखंडाचं तुमच्याकडे तेवढंच मागणं आहे.

मार्लिसने मागे वळून पाहिलं नाही. लीलंड बर्फात तसाच उभा राहिला. मग त्याने हात वर नेला आणि स्वतःच्या टोपीची चोच हळूच मागे फिरवली.