मिठाची कॉफी

एल्वानला मागणी घालायला पाहुणे आले होते आणि दिवाणखान्यातला टीव्ही काही केल्या बंद होत नव्हता! होणार कसा? मालिकेतला धाकटा भाऊ आज थोरल्याला ठणकावून सांगणार होता, की ही मुलगी माझी आहे.

"बोल रे मेल्या!" एल्वानची आई पडद्यावर ओरडली.

"गुळणी धरून काय बसलाय!" मुलाच्या आईने री ओढली.

स्वयंपाकघराच्या दारात एल्वानचा नुसता तिळपापड होत होता. टीव्हीतल्या धाकट्याला शिव्या घालता, आणि तुमच्या शेजारी बसलाय तो? आल्पेर मान खाली घालून बसला होता. बंदरावर 'तुझ्याशिवाय जगणार नाही' म्हणणारा हाच शहाणा, पण थोरल्या भावाने, तायफुनने, लग्नासाठी घरात तिचं नाव काढलं आणि याची वाचाच बसली. आल्पेरला आवडेल ते आधी आपण उचलायचं, ही तायफुनची लहानपणापासूनची खोड. एल्वानने आईला 'नको' म्हणून पाहिलं, तर आई म्हणाली, तायफुनमध्ये खोट काढून दाखव. आल्पेरचं नाव घ्यावं, तर तो ऐनवेळी शेपूट घालायचा!

"मुलाच्या कॉफीत मीठ घाल गं भरपूर!" आई आतल्या दिशेने ओरडली. "तोंड वाकडं न करता प्याला, तरच नवरदेव खरा!"

एल्वानने एकाच कपात चमचाभर मीठ लोटलं. तबक घेऊन ती बाहेर आली, गोड कप तायफुनपुढे ठेवला आणि खारट आल्पेरपुढे.

आल्पेरने घोट घेतला आणि त्याचे डोळे विस्फारले. आता हा 'चुकून मला आली' म्हणाला, की सगळे हसतील, कप बदलतील, संपलं! एल्वानचा जीव टांगणीला लागला. पी रे बाबा, पी!

तायफुनने छाती फुगवून मोठा घोट घेतला. गोड! त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"तो कप इकडे दे."

"नाही, दादा."

"चुकून आलाय तुझ्याकडे!"

"चुकून नाही आला." आल्पेरने गाळासकट कप रिकामा केला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ओठ हलला नाही.

त्यांचे वडील रिफतकाका, अर्धं लक्ष टीव्हीत, खाकरून सुरूही झाले होते. "अल्लाच्या आज्ञेने, पैगंबरांच्या वचनाने, तुमच्या एल्वानला आमच्या तायफुन..."

"आल्पेरसाठी मागा, बाबा." आल्पेरचा आवाज पार बसला होता, पण शब्द स्पष्ट होते.

तायफुन ताडकन उठला. एल्वान मध्ये उभी राहिली. "मीठ मीच घातलं. मला आल्पेरच हवाय!"

तायफुन तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने खुर्चीवरचा कोट उचलला.

"पाणी द्या त्याला कुणीतरी," तो म्हणाला. "मरेल गाढव." आणि कुणाकडेही न बघता बाहेर गेला.